परतीचा कार्यक्रम

कावेरीच्या पात्रातल्या त्या बेटावर कार्यक्रम न्यायचा, ही कल्पना माझी. तो साधला की नाही हे कशावरून ठरवायचे, ते मात्र आमच्या कलामंडळाच्या अध्यक्षांनी सांगितले. ते निवृत्त इंजिनिअर होते. सगळी नोकरी कालवे आणि बांध यांत गेलेली, त्यामुळे पाणी कुठून येते आणि कुठे मुरते हे विचारल्याशिवाय ते कशालाच होकार देत नसत.

"एकदा जा," ते म्हणाले. "नंतर त्यांनी आपण होऊन बोलावलं, तर दर वर्षी जा. नदीत असतील तेवढी बेटं घ्या. नाही बोलावलं, तर हा उद्योग बंद. न मागता कोणाच्या दारात कला ओतून यायची, हे मला पटत नाही."

अट मला आवडली. मी नुकतीच भौतिकशास्त्रात एम. एस्सी. होऊन बेंगळुरूच्या एका महिला महाविद्यालयात प्रयोगशाळेचे वर्ग घेत होते, आणि पुढे संशोधनाला जागा मिळवायचीच असा माझा निश्चय होता. ज्याचे उत्तर एका शब्दात मिळेल असा प्रयोग मला नेहमीच बरा वाटतो. बोलावणे येईल किंवा येणार नाही. तिसरे काही संभवत नव्हते. तिसरेही संभवते हे त्या बेटाने मला दाखवले, आणि त्याबद्दलची माझी कृतज्ञता अजून कमी झालेली नाही.

बेट मी आधी लांबूनच पाहिले होते. महाविद्यालयाच्या सहलीत आमची बस नदीकाठाने चालली होती. पात्राच्या मधोमध काळ्या खडकांवर माडांचा झुबका आणि त्याखाली थोडीशी छपरे दिसली. तिथे कोण जाते, असे मी कंडक्टरला विचारले.

"लस टोचणारे आणि मतं मागणारे," तो म्हणाला. "टोचणारे दर वर्षी जातात."

रस्त्याच्या गावांना तंबूतली नाटके मिळत, जत्रेत बाहुल्यांचे खेळ मिळत. कारण ही सगळी मंडळी बैलगाडीने किंवा मोटारीने फिरत. जिथे चाक पोचत नाही तिथे कलाही पोचत नाही, असा माझा सरळ हिशेब होता. तिथले लोक कोरडे पडले असतील, हे मी त्या हिशेबात न तपासता धरले होते.

आम्ही तिघी निघालो. आत्या हरिकथा सांगत असे. आमचे घराणे कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरलेले. आत्याची कथा कन्नडमध्ये चाले, पण मधली पदे मराठी असत आणि रागावणेही मराठीत असे. दुसरी माझी वर्गमैत्रीण, जी नृत्य शिकलेली होती. आणि मी. मला गाता येत नाही, नाचता तर त्याहून येत नाही. बेटावर वीज नव्हती, म्हणून मी महाविद्यालयाच्या कारखान्यात एक स्लाइडचा दिवा पेट्रोमॅक्सवर चालेल असा करून घेतला होता. काचेवरची चित्रे जुन्या देवळांतल्या शिल्पांची होती. शेवटी एक चंद्राचे, कारण ते मला आवडत असे.

दुपारी बसने आम्हाला काठावर उतरवले आणि ती धुरळा उडवत निघून गेली. पलीकडे बेट, मध्ये पाणी, आणि नाव नाही. मी हाका मारल्या. पाच-सहा हाकांत माझा घसा बसला. मग मैत्रिणीने पदर हलवला. अखेर आत्या पुढे झाली. हजार माणसांच्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत जाणारा तिचा आवाज. कथेच्या आरंभी ती लावत असे तसा एक लांबलचक स्वर तिने लावला, तो वर नेला आणि झोकदारपणे खाली सोडला.

बेटावर हालचाल झाली, पण उलटीच. अंगणातली मुले बायकांनी ओढून आत नेली. दारे लागली.

"आत्या, तुमच्या गाण्यानं पळाले ते," मैत्रीण म्हणाली.

"गप गं. अजून कथा सुरू कुठे झाली?"

बऱ्याच वेळाने एक हरिगोलु आला. हरिगोलु म्हणजे टोपलीसारखी गोल, कातड्याने मढवलेली नाव. ती सरळ जात नाही, गिरक्या घेत जाते. मैत्रिणीने डोळे मिटून घेतले. आत्या मात्र नाव चालवणाऱ्याशी गप्पा मारत बसली.

पलीकडे एक वृद्ध स्त्री उभी होती. सगळे बेट तिला अज्जी म्हणे. तिने आमच्याकडे वरून खाली पाहिले आणि कन्नडमध्ये पहिला प्रश्न केला तो असा:

"कुठल्या घरची हाक ती? आम्हाला ओळखू आली नाही."

तेव्हा कळले की तिथे प्रत्येक घराची हाक निराळी असते. काठावरचा माणूस इतक्या लांबून ओळखू येत नाही, म्हणून तो आपल्या घराच्या वळणाची हाक घालतो, आणि त्याच घराचा हरिगोलु त्याला आणायला सुटतो. शब्द पाण्यावर विरून जातात. लांबवलेला स्वर आणि त्याचे वळण टिकते. ध्वनीबद्दल वर्गात मी जे शिकवत असे, ते इथे घरोघरी वापरात होते. जी हाक कोणत्याच घराची नाही ती सरकारची, असा त्यांचा अनुभव. आत्याच्या स्वराने त्यांनी मुले लपवली ती लस चुकवायला.

संध्याकाळी देवीच्या गुडीपुढे, म्हणजे लहानशा देवळापुढे, कार्यक्रम झाला. आत्याने कथा सांगितली, मैत्रीण नाचली, अंधारल्यावर मी चित्रे दाखवली. पडदा म्हणून बांधलेल्या पांढऱ्या धोतराच्या मागे जाऊन काही माणसे पाहून आली, की ह्या दगडी बायका तिकडे उभ्या आहेत का. त्याखेरीज काही घडले नाही. कोणी हसले नाही. टाळी एकही वाजली नाही. एखादा खटला ऐकावा तसे ते लोक बसले होते.

सकाळी निघताना अज्जीने आम्हा तिघींना समोर उभे केले.

"घर कुठं तुमचं? कुठली गल्ली? दार कुठल्या दिशेला?"

आम्ही सांगितले. बसवनगुडी, बाजारामागची गल्ली, दार पूर्वेला, दारात कडुनिंब. तिने मैत्रिणीलाही तेच विचारले. म्हातारपणीची चौकशी म्हणून मी ते सोडून दिले.

त्यानंतर मी बोलावण्याची वाट पाहू लागले. दसरा गेला, दिवाळी गेली. त्याच कंडक्टरकडून निरोप पाठवला: संक्रांतीला येऊ का? उत्तर आले: आत्ता नको. तेव्हा आत्याला घेऊन मी स्वतः गेले. काठावरून आत्याने पुन्हा तोच स्वर लावला, आणि ह्या वेळी नाव लवकर आली, दारेही लागली नाहीत. अज्जीने तीळ-गूळ दिला, उसाचे करवे दिले, आत्याला आपल्या शेजारी बसवून घेतले. मी विषय काढताच मात्र तिने मान हलवली.

"आत्ता नको, मुली. आधी आमचं होऊ दे."

"काय व्हायचंय?"

"व्हायचंय," एवढेच ती म्हणाली, आणि सगळ्या बायका हसल्या.

परतीच्या बसमध्ये मी कारणे लावत बसले. कथेची भाषा जड झाली असेल. नृत्य परके वाटले असेल. अंधारात तरंगणाऱ्या मूर्तींची भीती वाटली असेल. आत्या खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "त्यांना आवडलं होतं."

"कशावरून?"

"चाळीस वर्षं कथा सांगते आहे मी. खोकला किती येतो त्यावरून कळतं. एकही खोकला आला नाही."

खोकल्यावर अध्यक्ष होकार देतील अशी आशा नव्हती. रामनवमीनंतरच्या बैठकीत निर्णय व्हायचा होता. मैत्रिणीचे लग्न ठरले होते. सासर म्हैसूरचे, ती जाणार होती. मी मनाशी वाक्य तयार करून ठेवले: बेटाकडून बोलावणे नाही, सबब उपक्रम थांबवावा. ते उच्चारायला किती जड जाईल हे मला तेव्हाच कळत होते. आयुष्यात मला हवे होते ते बहुतेक सगळे गुणपत्रिकेत बसणारे होते. ही एकच गोष्ट त्यात बसत नव्हती, आणि तीच हातातून चालली होती.

रामनवमीच्या सकाळी आमच्या गल्लीत मांडव होता. येणाऱ्याजाणाऱ्याला पानक, म्हणजे गुळाचे सरबत, आणि भिजल्या डाळीची कोसंबरी वाटणे चालू होते. मी आत लिंबे पिळत होते. बाहेरून आईची हाक आली.

"अगं, बाहेर ये. तुझी नदी आली आहे."

दारात कडुनिंबाखाली अज्जी उभी होती. तिच्या मागे बेटावरच्या बायका, चार-पाच पुरुष, एक ढोल, टिपऱ्यांची मोळी आणि डोक्यावर टोपल्या. पहिल्या बसने येऊन कलासिपाळ्यच्या स्टँडवर उतरून, पूर्वेच्या दाराचे घर विचारत विचारत ते चालत आले होते.

"गल्ली बरोबर सांगितली होतीस," अज्जी म्हणाली. "तिघी कुठं आहेत? तिघींना बोलाव."

"अज्जी, झालं काय?"

"आमचं झालं, मुली. पीक घरात आलं, नदी उतरली, हात मोकळे झाले. तुमची मुय्यी फेडायला आलो."

मुय्यी म्हणजे काय ते मला ठाऊक होते. लग्नकार्यात आलेला आहेर पुढे देणाऱ्याच्या कार्यात परत करायचा, त्याला कन्नडमध्ये तसे म्हणतात. ती भांड्यांची आणि लुगड्यांची असते, एवढेच मला ठाऊक होते. बेटावर ती कशाचीही असे. तुम्ही आमच्या दारात येऊन नाचलात, आता आम्ही तुमच्या दारात येऊन नाचणार, तुमच्याच माणसांसमोर. आणि पहिली मुय्यी अंगावर असताना त्याच माणसांकडून दुसरी घेणे म्हणजे निर्लज्जपणा. आम्ही पुन्हा येऊ का, असे मी विचारत होते, आणि प्रत्येक वेळी त्यांना ओशाळे करत होते.

आईला हे समजायला क्षणही लागला नाही. "म्हणजे परतीचा आहेर!"

"तुमच्यात पण आहे का, अक्का?"

"आहे की. माझ्या जावेनं दिलेली साडी मी चुकून तिलाच परतीची म्हणून दिली. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही."

अज्जी इतकी हसली की तिला पायरीवर बसावे लागले. हातातले पानक तिने सांडू दिले नाही.

संध्याकाळच्या बसने त्यांना परत जायचे होते. गुरे बेटावर शेजाऱ्यांच्या भरवशावर होती. आत्या घरातच होती. मी सायकल काढली आणि मल्लेश्वरम गाठले. मैत्रिणीच्या घरी नेमकी सासरची मंडळी जेवायला आली होती. ती स्वयंपाकघराच्या दारात नव्या साडीत, खाली मान घालून उभी.

"आत्ताच्या आत्ता चल," मी कुजबुजले. "तुझ्यावाचून ते सुरू करणार नाहीत."

"वेडी आहेस का? सासूबाई बसल्यात."

सासूबाईंचे कान तीक्ष्ण होते. "कोण सुरू करणार नाही? काय?" मी सांगितले. त्यांनी ताटातली शेवटची भजी तोंडात टाकली, हात धुतले आणि म्हणाल्या, "मग उशीर कशाला? मीही येते. म्हैसूरला असलं काही फुकट दिसत नाही."

वाटेत अध्यक्षांच्या फाटकाशी उतरून मी एवढेच सांगितले: "सर, बेटानं बोलावलं नाही. बेटच आलंय."

मी परतले तोवर आमची गल्ली बदलून गेली होती. टोपल्यांत रंग होते: तांदळाचे पीठ, हळद, विटकर, वाळल्या पानांची पूड. बायकांनी गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर आपले बेट काढले होते. नदी दोन हातांनी त्याला वळसा घालून जात होती. खडक, माड, गुडी, प्रत्येक घर त्याच्या दारासकट.

"तू आम्हाला दिव्यातून लांबची देवळं दाखवलीस," अज्जी मला म्हणाली. "आमच्याकडं दिवा नाही. हे उजेडातच बघ."

तेवढ्यात अध्यक्षांची मोटार गल्लीच्या तोंडाशी आली आणि नदीपाशी थांबली. ड्रायव्हरने भोंगा वाजवला. एका बाईने हात वर केला.

"स्वल्प थांबा, स्वामी. पुढं पाणी आहे."

अध्यक्ष खाली उतरले. थोडा वेळ त्यांनी नुसते निरखून पाहिले. मग वहाणा काढून हातात घेतल्या आणि भिंतीच्या कडेकडेने, पीठ न पुसता, आमच्या दारापर्यंत आले.

आत्याच्या कथेच्या बदल्यात कथा झाली. एका म्हाताऱ्याने ढोलाच्या ठेक्यावर, नदी बेटापाशी दुभंगली कशी ते गाऊन सांगितले. दोन बहिणी माहेरच्या वाटेवरून भांडल्या आणि दोन बाजूंनी निघाल्या, पण पुढे जाऊन रडत रडत एक झाल्या. आत्या पहिल्या रांगेत मांडी घालून बसली होती. तिने एकदाही खोकू दिले नाही, स्वतःला किंवा शेजाऱ्यांना. मग मैत्रिणीच्या नृत्याच्या बदल्यात टिपऱ्या. बायकांनी फेर धरला, आणि तिसऱ्या फेरात मैत्रिणीने नवी साडी खोचून आत उडी घेतली. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या मांडीवर ठेका धरून बसल्या होत्या.

फेर संपला तेव्हा गल्लीने टाळ्यांचा कडकडाट केला. बेटावरची माणसे दचकून वर पाहू लागली.

"काय झालं?" मी विचारले.

"पोपट कुठं आहेत?" टिपरीवाली म्हणाली. टाळ्या तिथे शेतावरचे पोपट हाकलायला वाजवत. माणसांसाठी कोणी वाजवत नसे.

मी आत्याकडे पाहिले. "खोकला," ती म्हणाली, आणि मान फिरवून घेतली.

तिन्ही गोष्टी परत झाल्या होत्या. अध्यक्षांनी आपल्या पद्धतीने हिशेब पुरा करायला घेतला. "अज्जी, कथेला कथा, नाचाला नाच, चित्राला चित्र. फिटलं ना आता?"

फिटले, असे ती म्हणाली असती तर बोलावणे न येताच सगळे संपत होते. सन्मानाने, पण संपत होते.

"फिटलं कसं?" अज्जी म्हणाली. "जेवढ्यास तेवढं परत करायचं ते भांडण झाल्यावर. नातं राहायचं तर वर काही द्यावं लागतं."

ती उठली, आणि काढलेल्या नदीच्या अलीकडच्या काठावर, जिथे काहीच काढलेले नव्हते, तिथे तिने हळदीची एक चिमूट ठेवली. मग आत्याला हाताला धरून त्या चिमटीपाशी उभे केले.

"ती हाक घाल. पहिल्या दिवशी घातलीस ती."

आत्याने स्वर लावला. तो वर गेला आणि झोकात खाली आला. बेटावरच्या सगळ्यांनी मिळून तो उचलला. शेवटचे वळण त्यांनी थोडे लांबवले होते, पाण्यावर टिकावे म्हणून.

"ही आम्ही ठेवली आहे," अज्जी म्हणाली. "कुठल्या घराला दिली नाही. ही तुमच्या घराची. काठावर उभं राहून ही घातलीत की माझ्या घरचा हरिगोलु सुटेल. मुलं लपणार नाहीत."

जन्मापासून मी बेंगळुरूत राहत होते, घराला दार होते, दाराला पाटी होती. पण लांबून ओळखू यावे असे काही माझ्याजवळ आजवर नव्हते.

"सर," मी अखेर म्हटले, "हे बोलावणं धरायचं का?"

अध्यक्ष वहाणा खाली ठेवून हळदीपाशी गेले, घसा साफ केला आणि हाक घालून पाहिली. गल्लीतली दोन कुत्री भुंकत उठली.

"तुम्ही मोटारीतच बसा, स्वामी," अज्जी म्हणाली. "हाक ह्या घालतील."

गल्लीत हशा पिकला. अध्यक्ष सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "दसऱ्याला पाणी किती असतं बघून घे. त्याप्रमाणे तारीख ठरव."

मंडळी बस पकडायला निघाली तेव्हा मला वाटले, ते चित्र काही दिवस तरी राखावे. गल्ली अडवायला मी दोर शोधू लागले. अज्जीने अडवले. संध्याकाळी रामाची पालखी निघणार होती. ती त्यावरूनच गेली पाहिजे, असे तिचे म्हणणे. पालखी गेली. बेट लोकांच्या तळव्यांना लागून बसवनगुडीभर झाले, आणि आमच्या उंबऱ्यावर हळदीचे ठसे आले. आईने ते पुष्कळ दिवस पुसले नाहीत.

मैत्रीण म्हैसूरला गेली, पण बेटाच्या कार्यक्रमाला तिथून येते. कधी कधी सासूबाईही येतात. मला संशोधनाची जागा मिळाली, आणि माझा बराचसा दिवस ज्या उपकरणांत जातो त्यांत दोन्ही बाजूंची बेरीज शून्यावर आली की काम बरोबर झाले असे आम्ही मानतो. बेटाशी आमची बेरीज शून्यावर कधी आली नाही. ते नेहमी वर काही देतात, मग आम्हालाही द्यावे लागते. आता नदीतल्या आणखी दोन बेटांवर जाणे होते, आणि तिथे जाण्याआधी आम्ही आमच्या दाराची दिशा सांगून ठेवतो.

त्या दसऱ्याला नदी भरून चालली होती. आत्याचा घसा धरला होता, म्हणून काठावर मला पुढे व्हावे लागले. मी आवाज लावला. तो आत्यासारखा नव्हता, वर जाताना जरासा चिरकलाही. पण शेवटचे वळण अजून माझ्या तोंडातच होते, तेव्हा पलीकडच्या खडकाआडून एक हरिगोलु सुटला आणि गिरक्या घेत आमच्याकडे येऊ लागला.